लघवी झाली का, साहेबराव?

आता तुमीच सांगा, आमच्या गुंजवण्यात माणसाला इचारायसारखं दुसरं काय उरलंच न्हाई का? पयले कुणी भेटलं की जयभीम म्हणायचं, भाताचं इचारायचं. आता वढ्याच्या पल्याडनं हाळी येती, "साहेबराव, लघवी झाली का?" भर यष्टीत कंडक्टर तिकीट फाडतो अन् बारीक आवाजात त्येच इचारतो!

तर तुम्हाला सांगतो, झालं काय... भातलावणीचे दिवस. आमच्याकडं सावड असती. म्हंजे आज तुमी आमच्या वावरात राबा, उद्या आमी तुमच्यात. मजुरी न्हाई, निस्ता शब्द. माझं खालचं खाचर शेजारच्या कुंडलिकच्या घरानं लावून दिलेलं, आता त्याच्यात जायची माझी पाळी, अन् नेमकं पोट बिघडलं. गढूळ पाणी प्यालो आसंल, काय आसंल... उलटी संपली की जुलाब, जुलाब संपले की उलटी! साळूबाई, म्हंजे आमची मालकीण, म्हणाली घरी बसा. बसा कसं? सावड बुडवून गावात तोंड कुठं दाखवू? मग ह्या सुपीक डोक्यातनं युक्ती निघाली, की वरनं पाणी घातलंच न्हाई तर खालनं येणार कुठनं?

झालं! तांब्याला शिवलो न्हाई. अंग ठणकतंय म्हणून दुखायच्या गोळ्या तेवढ्या गिळत ऱ्हायलो, मनाला येतील तशा. चिखलात वाकून रोपं लावली, हा गडी एकदा बी ओळ सोडून गेला न्हाई. दुसऱ्या दिशी बी तसंच. कुंडलिक म्हणाला, भाऊ लई खमक्या. म्या बी फुगलो.

घरी येऊन साळूला म्हणलं, बघ, जुलाब बंद, लघवी बी बंद, सगळी वर्दळच थांबली! ती भाकरी थापायची थांबली. माझी जीभ बघितली, सुक्या लाकडावानी. खोल गेलेले डोळे बघितले. म्हणाली, "अवं, वासराला हगवण लागली तर तुमीच त्याला मीठ-गुळाचं पाणी पाजता. सोताला काय दगडाचं समजता व्हय?" अन् टेम्पो बोलावून मला गवताच्या भाऱ्यावानी आत टाकलं.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी इचारलं, लघवी कधी झाली होती? म्या आठवाय लागलो, तर आठवंना. रक्त तपासलं अन् बाईंचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "काका, अंगातलं पाणी गेलं, त्यात वर ह्या गोळ्या. किडन्यांनी काम थांबवलंय. सलाइननं चालू झाल्या तर ठीक, नाहीतर पुण्याला डायलिसिस." तुम्हाला सांगतो, तवा भ्यालो. लई भ्यालो.

लघवीची नळी घातली, खाटेला तिची पिशवी टांगली, अन् तवापासनं माझ्या तोंडाकडं कुणी बघंना! भेटायला येणारा आधी खाली वाकायचा, रिकामी पिशवी बघायचा, चुकचुकायचा, मग केळी ठेवायचा. नर्स इचारती, झाली का? पोरगा सम्राट पुण्यासनं फोनवर इचारतो, आबा, झाली का? शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपेतनं उठून इचारतो, झाली का? कुंडलिक तर पिशवीसमोर हात जोडून हुबा. म्हणाला, "तुमचं वरचं खाचर गावानं लावलं, भाऊ. सावडीचं मनात आणू नका. तुमी निस्ती लघवी करा." असलं गाव कुठं मिळंल, सांगा?

अन् एका पहाटं पिशवीत थेंब दिसला. मग दुसरा. मग धार! नर्स पळत आली, डॉक्टरीणबाई हसल्या, शेजारचा म्हातारा टाळ्या वाजवाय लागला. अन् साळू... लग्नात सासरी येताना जी बाई रडली न्हाई, ती पिशवी बघून हमसून हमसून रडली. ह्या सगळ्यांचे उपकार हायत माझ्यावर, खोटं कशाला बोलू? त्यांनी इचारलं म्हणून तुमच्यासमोर हुबा हाय.

पर आता साळूबाई तांब्या घेऊन माझ्या मागं फिरती हो. बाजारात, लग्नात, परवा तर मयताला बी! तहान न्हाई म्हणलं तरी एकच, प्या. मग पितो. सांगतो कुणाला? किडन्या माझ्या पोटात हायत, पर सातबारा आता तिच्या नावावर चढलाय.