काका, टाकू का?

त्या सीझनला आमचा ऑफेन्स, म्हणजे चढाई, एवढा का आपटला, ते मला विचारा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत वेस्ट विंडसरला दर रविवारी आम्ही मराठी मंडळी ऑफिसमधल्या अमेरिकन लोकांशी फुटबॉल खेळायचो, तो हातानं बॉल फेकायचा अमेरिकन फुटबॉल. फेकणारा मिलिंद, पुण्याहून नवीनच आलेला. पळत जाऊन झेलणारे दामले काका, आमच्यात सगळ्यात फास्ट. पण मिलिंद राहायचा काकांच्याच बेसमेंटमध्ये, जेवायचा काकूंच्या हातचं. अशा माणसाच्या अंगावर बॉल भिरकावायचा कसा? म्हणून दर वेळी आधी ओरडायचा, "काका, टाकू का?"

दोन-तीन मॅचमध्ये समोरच्या टीममधल्या बॉबला तेवढं मराठी यायला लागलं. "टाकू का" ऐकलं की गडी थेट काकांकडे धावायचा. बॉल त्याच्याच हातात!

शेवटच्या मॅचला मी मिलिंदला बाजूला घेतलं. "यार, एकदा तरी न विचारता टाक!"

त्यानं टाकला. काका एकदम मोकळे, आसपास कोणी नाही. बॉल धाडकन त्यांच्या पाठीत बसला. मॅच गेली.

काका पाठ चोळत आले. "अरे मिलिंद, माझ्या घरात राहतोस, आणि साधं विचारायची पद्धत नाही?"

शेजारी उभा बॉब गंभीरपणे मान हलवत म्हणाला, "काका इज राइट."