धाडसी मसुदा

लंडनमध्ये दुपारच्या सूपच्या रांगेत माझ्या पुढे दोन शिकाऊ वकील होते, समोरच्या जगभर शाखा असलेल्या फर्ममधले. गळ्यातल्या ओळखपत्रांवर नावं होती: टॅमसिन आणि ऱ्होड्री. बोलणं त्यांच्या वरिष्ठ लॉकयरबाईंबद्दल चाललं होतं.

“लॉकयरबाई म्हणाल्या, मसुदा धाडसी आहे. मी खुशीत आईला फोनसुद्धा केला!”

“टॅमसिन, धाडसी म्हणजे पार वाट लावलीस.”

“काहीतरीच! चांगल्या हसून म्हणाल्या.”

“हसून म्हणाल्या म्हणजे तर संपलंच.”

“मग ‘सवडीनं पुन्हा एकदा बघ’ म्हणाल्या, ते?”

“जेवण सोडून आत्ता बघ.”

“अरे देवा! आणि मी इथे सूपसाठी उभी! सरळ सांगायला काय होतं यांना?”

“सरळ बोलणं असभ्य असतं, बाई. मी दोन वर्षं काढलीत इथे, मला कळते त्यांची भाषा.”

“तुझं बरंय बाबा. सप्टेंबरात ट्रेनिंग संपलं की तू इथेच कायम. तुला काय म्हणाल्या?”

“मला ना? फार मायेनं बोलल्या. म्हणाल्या, ऱ्होड्री, तू गेलास की आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होईल.”

“किती गोड! पण तू कुठे चाललायस?”

“कुठेच नाही.”

“मग?”

“मग काय... मी तर इथेच... थांब जरा. गेलास की म्हणजे...”

“ऱ्होड्री, हसून म्हणाल्या का रे?”

काउंटरवरच्या बाईनं हाक दिली, “चला, पुढचं कोण?”

दोघांपैकी कुणीच हललं नाही.