सातवीचं गणित

हसू नका, पण परवा मी पुरता घाबरलो होतो. थोरल्या भावाला विसरण्याचा आजार जडल्यापासून मी रोज मोबाईलवर सातवीच्या गणिताची ऑनलाइन चाचणी सोडवतो. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं, आणि परवा प्रत्येक उत्तरावर लाल फुली! साधी बेरीजसुद्धा चूक. बायकोला हाक मारली, "अगं, माझंही सुरू झालं."

तिनं मोबाईल घेतला. "अवो, आकडे मराठीत टाकलायसा की! त्याला इंग्रजी लागत्यात."

आकडे बदलले, तशी सगळी उत्तरं बरोबर आली. जीव भांड्यात पडला. म्हटलं, "आता मस्त चहा टाक."

तिनं मोबाईल खाली ठेवला.

"आत्ताच प्यालासा की. समोरचा कप कुणी रिकामा केला?"