काठावरचा मोकळा हात

टण्ण... पंधरा वर्षांपूर्वीचा आवाज, पण तुम्हाला सांगतो, त्यानेच माझं वाटोळं केलं! रबरी हातमोज्यातून काचेची कुपी निसटून फुटली, आणि तेव्हापासून मी शेवटचं विसळणं चोरून उघड्या हातांनीच करतो. प्रयोगशाळेत काचा धुणारा माणूस मी, चौथी शिकलेला, मला फुटण्याची भीती. इथल्या शास्त्रज्ञ बाईंना भलतीच. बाई म्हणतात, ‘काका, आतून बोट लावायचं नाही.’

का नाही? तर बाई बघतात तेल आणि पाणी भेटतात तो काठ. ‘समजा काका, पाण्याच्या कणाला दोन हात. आत सगळे एकमेकांना धरून असतात, पण काठावरच्या काहींचा एक हात मोकळा, तेलात लोंबकळलेला. तेल त्याला जरासं ओढतं, धरत मात्र नाही.’ मला तर गलबलून आलं हो... असं हात पुढे करून किती वेळ उभं राहायचं कुणी? ‘आणि साबणाचा, मलमाचा अंश जरी आला ना, तर तो काठावर येऊन बसतो, डोकं पाण्यात, शेपूट तेलात, की मोकळा हात नाहीसा. म्हणून बोट लावायचं नाही.’

आता आठ दिवस झाले, तो हात बाईंच्या लेझरच्या यंत्राला दिसत नाही. सोमवारी तपासणीला माणसं येणार, हात दिसला नाही तर बाईंचं तीन वर्षांचं काम बंद, खोलीला कुलूप. यंत्रवाला येऊन गेला, नाकातून बोलतो, ‘यंत्र ठणठणीत आहे, तुमच्या पाण्यातच भानगड आहे.’ आणि मी कोपऱ्यात, हात खिशात...

कारण काचा धुवायच्या ॲसिडने हात चिरतात ना, तर आमची मंडळी हल्ली रोज सकाळी बोटागणिक मलम चोळते. ‘पुसाल तर बघा, मुरू दे.’ आता चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोने चोळलेलं मलम मोरीत कसं घालवायचं, तुम्हीच सांगा? आणि बोट लावायचं नाही!

शेवटी आज राहवेना. बाईंसमोर दोन्ही हात धरले, म्हटलं, ‘बाई, तुमचं यंत्र चांगलं आहे. हे वाईट आहेत.’

बाईंनी हात बघितले. वास घेतला. कपाटातून नवी कुपी काढली, हातमोजे चढवले.

म्हटलं, ‘बाई, उद्या येऊ, की घरीच मुरत बसू?’

बाई कुपी घेऊन, स्वतःच विसळायला, मोरीकडे निघून गेल्या.