राखणदाराची काळी बाटली

—नाही नाही, बूच काढू नका, भागोजीकाका! ठेवा ती बाटली. ठेवा आधी. तिथेच, चिऱ्यावर. हां. बसा आता, सांगते. मंडळी यायला वेळ आहे अजून — आईची नारळ-अगरबत्तीची पिशवी भरायचीय, बाबांना आंघोळीनंतर चष्मा सापडायचाय नि अनिलकाकांची दाढी म्हणजे काय प्रकरण असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आत्ता आपण दोघंच. आपण दोघं नि हा. तुमचा राखणदार. म्हणजे आमचा. म्हणजे बागेचा हो, बागेचा. मी काही मानत नाही हां, आधीच सांगून ठेवते, मी सायन्सची ग्रॅज्युएट आहे, माझ्या दृष्टीने हा शेंदूर लावलेला दगड आहे — चपला काढल्यात त्या सवयीने काढल्यात, असं बघायला नको.

तर बाटली. त्या बाटलीत बियर नाहीये. कोरा चहा आहे. गूळ घातलेला. झाकण मी उलथन्याच्या दांड्याने ठोकून बसवलंय, म्हणून वाकडं दिसतंय. असे डोळे मोठे करू नका ना, मी प्यायले नाही! प्यायले असते तर एक वेळ बरं झालं असतं, घरात सगळ्यांना समजेल असं काहीतरी घडलं असतं. मी ती केकमध्ये घातली. केक. चॉकलेटचा. हो, पूर्ण बाटली. आणि हे तुम्हाला गुपचूप सांगायला मी धावत आले, कारण बाकीच्यांना काय, लांबून काळं दिसलं की झालं — पण तुम्ही चार थेंब दगडावर सोडणार नि उरलेली घेऊन त्या फणसाच्या आड जाणार. प्रसाद हो, प्रसादच म्हणतेय मी, दुसरं काय म्हटलं? पण ओठाला लावल्याबरोबर तुम्ही बोंब मारली असतीत की नाही? मारलीच असतीत.

आता यात चूक कोणाची, तुम्हीच सांगा. नका सांगू, मीच सांगते. चूक पणजोबांची. बोटीवर नोकरीला, तिथून ही काळी कडू बियर घेऊन आले, त्या वर्षी राखणदाराला वर्षाची राखण द्यायला गावठी दारू मिळाली नाही म्हणून तीच ठेवली या दगडासमोर — नि त्या साली आंब्याची कलमं अशी धरली म्हणे की फांद्यांना टेकू द्यावे लागले. झालं! तेव्हापासून आमच्या राखणदाराला काळीच लागते. पलीकडच्या बागेतला बिचारा जे देतील ते घेतो, आमचा तेवढा परदेशी. आणि घर कसलं? जिथे चातुर्मासात कांदा नाही, अंडं तर बारा महिने उंबऱ्याच्या बाहेर, त्या घरात देवघराखालच्या कपाटात, तुपाच्या बरणीमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळ्या बियरची, स्टाउटची बाटली! लहानपणी मला वाटायचं ते अनिलकाकांचं खोकल्याचं औषध आहे. एका अर्थी होतंच.

दरवर्षी अनिलकाका मुंबईहून दोन आणतात ना — एक फुटली तर दुसरी असावी म्हणून? मग मी एक घेतली तर काय बिघडलं? मला काय ठाऊक या वर्षी एकच पोचलीय! काका म्हणतात, दुसरी गाडीत फुटली. स्टेशनवर मीच गेले होते त्यांना आणायला — पिशवी कोरडी, कपडे कोरडे नि चेहरा असा प्रसन्न, की फुटलं-बिटलं काही वाटत नव्हतं. पण ते राहू दे. ते तुम्ही कोणाला बोलू नका.

विकत का नाही आणली? आणायला गेले होते! रत्नागिरीत एक दुकान सोडलं नाही. शेवटच्या दुकानातला माणूस माझ्याकडे बघतो, मग माझ्या स्कूटरकडे बघतो, मग परत माझ्याकडे — 'मॅडम, लाइट नि स्ट्राँग, दोनच जाती. काळी ठेवत नाय.' आणि मागे वळते तर कोण? आमच्या शाळेचे चित्रकलेचे सर. त्यांनी मला ओळखलं नाही. मीही त्यांना ओळखलं नाही. इतकं मन लावून एकमेकांना न ओळखणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि एवढं होऊनसुद्धा संध्याकाळपर्यंत आईच्या भजनी मंडळात बातमी — दत्तात्रेयांची अवनी बियरच्या दुकानात! सर तिथे काय करत होते, हे एकीने विचारलं नाही. एकीने! याचाच मला संताप येतो, भागोजीकाका. बाप्यांनी ढोसली तर दमून येतात हो बिचारे, नि मुलीने मैद्यात ओतायला मागितली तर—

बरं, बरं. खा आधी. हा डबा तुमच्यासाठीच आणलाय. अंडं आहे त्यात, तुम्हाला चालतं, परवा कोणाच्या कोंबड्याचा रस्सा ओरपत होतात ते दिसलं मला. खा हो! चार थर आहेत, मोजून घ्या — दोन टिनांत भाजायचा, नि गार झाला की शिवणाचा दोरा भोवती गुंडाळून ओढायचा, सुरीपेक्षा सरळ कापला जातो. मधे क्रीम. आणि बियर आधी पातेल्यात लोण्याबरोबर गरम करायची, अगदी मंद, मग कोको, मग साखर — साखर पडली की असा वास सुटतो ना, भाजलेला, थोडा जळका, चुलीत फणसाच्या आठळ्या विसरल्यासारखा. नुसत्या चॉकलेटला तो येत नाही. नुसतं चॉकलेट गोड-गोड, लाडावलेल्या पोरासारखं. ही कडू मिळाली की त्याला अक्कल येते. मग चक्का, अंडी, मैदा. नशा? नाही हो चढत, भट्टीत सगळी उडून जाते. निराश नका होऊ.

बाबांनीही खाल्ला. काल संध्याकाळी. हो, आमच्याच बाबांनी! एक तुकडा, मग 'वायच बघू' म्हणून दुसरा, मग आई आत गेल्यावर तिसरा. 'खमंग लागतंय गो काहीतरी, कॉफी घातलीस काय?' मी म्हटलं, तसंच काहीतरी. खोटं नाही बोलले. 'तसंच' म्हटलं.

म्हणजे बघा, हिशोबाने राखण पोचलीच आहे. बाटली राखणदाराची, केक बाटलीचा, नि हा तुकडा मी दगडापुढे ठेवतेय — हे बघा, ठेवला. घातली काय नि ओतली काय. उलट याला इतकी वर्षं कोणी जेवायला घातलंय का? नुसतं पाजता. रिकाम्या पोटी.

हसलात! हसलात म्हणजे तुम्ही माझ्या बाजूचे. नाही, आता मागे फिरायचं नाही. कारण बाटली ही लहान गोष्ट आहे, खरं काम वेगळंच आहे. काल पडवीत बाबा तुम्हाला काय सांगत होते ते मी ऐकलंय. चोरून नाही, ओव्हन मागच्याच पडवीत आहे, वॉशिंग मशीनवर — कारण अंड्याला आईच्या स्वयंपाकघरात मज्जाव, म्हणून माझी बेकरी कपडे धुण्याच्या मशीनवर चालते, फिरायला लागलं की केक एका बाजूला उतरतो. तर ऐकलं. 'भागोजी, उद्या गाऱ्हाण्यात घाल, पोरीचं पुण्यात बस्तान बसू दे, नि अढीची खोली पाली गावच्या त्या माणसाला देतोय, ती त्याला लाभू दे.' खतं ठेवायला! काका, ती खोली! जिथे आंबा गवतात पिकायला घालायचे, जिथे शिरलं की नाकाला भूक लागायची, तिथे युरियाची पोती? आता आंबा कच्चाच पेटीतून जातो, खोली रिकामी, मान्य. पण मग मला द्या ना! मी मागतेय ना! भाट्याला माझ्या मैत्रिणीचं, अक्षयाचं होमस्टे आहे, तिने हाच केक खाल्लाय, दर शनिवारी हवाय म्हणते, फक्त म्हणते, जागा नीट कर, तुझा केक तिरका येतो. खिडकी मोठी, भिंत चिऱ्याची, बाहेर विहीर — अजून काय लागतं? पण बाबांना सांगितलं की म्हणतात, 'तुझं पुण्यातलं आधी बघ.' पुण्यातलं! आंबे जातात मुंबईला, पोरं जातात पुण्याला, नि इथे मागे काय, तर खतं नि कुलपं. कोणीतरी राहायला नको का इथे? राहायचं म्हटलं की तुमच्या पिढीला वाटतं, पोरीला काहीतरी झालंय.

तर असं करायचं. गाऱ्हाणं तुम्ही घालणार. पालीच्या माणसाच्या जागी माझं नाव घालायचं. एवढंच! बाकी काही बदलू नका. तुम्ही एकेक वाक्य म्हणणार, बाबा हात जोडून, डोळे मिटून 'व्हय म्हाराजा' म्हणणार. ते ऐकत नाहीत हो, भागोजीकाका! तुमचा तो सूर लागला की आपोआप येतं त्यांच्या तोंडून, दुपारच्या झोपेतसुद्धा येतं. आणि एकदा इथे, या दगडापुढे म्हटलं की म्हटलं. त्यांचाच नियम. सरकारी कागद एक वेळ बदलतील, इथलं नाही बदलणार.

जमणार नाही? पाप? काय बोलता! तुमच्या घरावरचे पत्रे कुठून आले? बोला ना. विसरलात? मी शाळेत होते, पण इथेच उभी होते, फ्रॉकला काजूचे डाग पाडून. गुरांना सुख लाभू दे — व्हय म्हाराजा. मोहोराला कीड लागू देऊ नको — व्हय म्हाराजा. नि त्याच दमात, आवाज जरासुद्धा न हलवता, 'भागोजीच्या घरावर यंदा मालक पत्रं चढवतील' — व्हय म्हाराजा! बाबांनी डोळे उघडले तेव्हा तुम्ही नारळ फोडून मोकळे झाला होतात. आणि माझ्याकडे बघून डोळा मारलात. मारलात! मी कोणाला सांगितलं? आजपर्यंत नाही. आई अजून म्हणते, बघा, यांचं मन किती मोठं.

मग? पत्रे चालतात नि खोली चालत नाही?

घ्या, अजून एक तुकडा घ्या. क्रीम मिशीला लागलंय. तिथे नाही, डावीकडे.

'बाय, नोकरीचं काय' — विचारणारच तुम्ही. नोकरी आहे ना. घरून काम करतेय, सगळ्या गावाला माहीत आहे, दार लावून बसते, मधेच 'येस, येस, शुअर' ऐकू येतं... तुम्हीच एकदा म्हणालात, बाय भिंतीशी विंग्रजी बोलते. बरोबर म्हणालात. भिंतच होती. पलीकडे कोणी नाही. मी नोकरी सोडली, भागोजीकाका. गणपतीच्या आधीच. आले ती सोडूनच आले. त्या बंद खोलीत बसून मी केकचे व्हिडिओ बघते नि मधेमधे 'शुअर' म्हणते. हे... हे सांगायचं नव्हतं. हा तुमच्या गप्प बसण्याचा दोष आहे, माणूस समोर गप्प बसला की माझ्या तोंडाला धीर धरवत नाही. आईलासुद्धा माहीत नाही. बाबांना कळलं तर ओरडणार नाहीत, तेच वाईट आहे, नुसते चष्मा पुसत बसतील. त्यांनी माझ्या फोटोखाली कंपनीचं नाव लिहून तो फोटो ओसरीवर लावलाय. ती खोली गेली ना, तर मला खरंच परत जावं लागेल, नि मला नाही जायचं. मी पुण्यात रोज सकाळी उठून विचार करायचे, आता कलमांवर धुकं असेल... जाऊ दे. रडत नाहीये, धूप गेला डोळ्यात. अजून पेटवलेला नाही? मग पेटवा ना!

चला, एकदा तालीम करू. तुमचं तोंड भरलंय, मीच म्हणते, तुमच्याच सुरात, तुम्ही नुसते ऐका नि चुकलं तर हात वर करा. हं. हात जोडते. सवयीने.

बा राखणदारा! वरसाची राखण घेऊन तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायती! — व्हय म्हाराजा. चुकलं-माकलं पदरात घे, बाटलीचं विशेष करून घे! — व्हय म्हाराजा. मोहोर टिकू दे, वांदरं पलीकडच्या बागेत जाऊ दे! — व्हय म्हाराजा. आनी ही अवनी, नोकरी सोडून तुझ्या सावलीला परत आलीय, तिला मालक अढीची खोली देतील, भट्टी लावून देतील, नि कोनी तिला परत जा म्हननार नाय, बा देवा म्हाराजा—!

बघा. कसा घुमला आवाज! आणि 'व्हय म्हाराजा' काय ठसक्यात म्हणालात, पोटातून, अगदी बाबांसार—

पण तुमच्या तोंडात केक आहे.

भागोजीकाका, तुम्ही माझ्या मागे काय बघताय?

बाबा. तुम्ही... चष्मा सापडला वाटतं. कधी आलात? नाही, म्हणजे कुठल्या वाक्याला आलात? ... तो नारळ सांभाळा, पडेल हातातून. ... 'सवयीने आलं तोंडात' कसं, बाबा? पत्र्यांच्या वेळी सवयीनेच आलं होतं, तेव्हा चाललं का? भागोजीकाका, सांगा ना यांना. बोला ना काहीतरी! ... बरं. डबा तरी इकडे करा. शेवटचा तुकडा आहे.

बाबा, घ्या. कालचाच आहे. कॉफी नाहीये त्यात.

खा आधी. मी गप्प बसते.