शबनमचा खुराक

(दुसरबीड. अंगणात वरातीची घोडी शबनम आडवी पडली आहे. जनावरांच्या डॉक्टर समता तिच्या खुरांपाशी बसल्या आहेत. शेजारी घोडीचा मालक रहेमतुल्ला; त्याची बायको नूरजहां कोपऱ्यात उभी आहे.)

रहेमतुल्ला: ...दोन दिस झाले, मॅडम. उठवली तं समोरचे पाय पुढं टाकते अन् मांगं रेलते. निखाऱ्यावर उभी केल्यावानी.

समता: खुराला हात लावा, चाचा.

रहेमतुल्ला: या अल्ला. लयच गरम हाय.

समता: आता ही मान दाबून बघा. दगड झालाय नुसता. फासळ्या हाताला लागत नाहीत. दिवाळीत मी काय सांगितलं होतं?

रहेमतुल्ला: चना बंद, गूळ बंद. रोज घंटाभर फिरवा. फिरवली ना, मॅडम! चनाबी बंद केला, खुदा कसम.

नूरजहां: त्याहिले नका विचारू. चना मी देत होती.

रहेमतुल्ला: काय?

नूरजहां: तुमी नमाजले गेले का. वर गुळाचा खडाबी. काय करू? मी चुलीपाशी बसली का हे खिंकाळे. बारा वर्सं लोकाइच्या वरातीत नाचली. आता नवरदेव मोटारीत बसतेत. काम नाही म्हून खायालेबी नाही? मले घास गिळला नाही जाये.

समता: चाची, चार-चार तास नाचायची तेव्हाचा खुराक होता तो. आता उभ्या उभ्या खाल्ला, त्याची चरबी झाली. तिनंच खूर बिघडतात. आतलं हाड खुराला धरून असतं ना, ती पकड सुटायला लागते.

नूरजहां: लोक म्हणत, रहेमतुल्लाची घोडी कशी भरली पाहा. मी मिरच्या उतरवून टाकल्या, नजर नोको लागाले म्हून.

रहेमतुल्ला: मलेबी तसंच वाटे. जाड झाली म्हंजे सुखात हाय. मॅडम, आता फिरवू का?

समता: आता एक पाऊलही नाही. फिरवायचे दिवस गेले, चाचा. खाली जाड रेती टाका. दुखणं कमी व्हायचं औषध देते. वाळलेलं गवत तासभर पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, मग तेवढंच द्या, मोजून. पण उपाशी नका ठेवू, त्यानंही जनावर जातं.

रहेमतुल्ला: बरी होईन ना?

समता: हाड किती सरकलं, ते एक्स-रेचा फोटो काढल्यावर कळेल. फोटोचं मशीन अकोल्याला.

रहेमतुल्ला: हिले तं रेतीवर सरकवाले पाच माणसं लागतीन. अकोल्याले कशी नेऊ?

समता: तेच कळत नाहीये मला.

रहेमतुल्ला: तुमालेच नाही कळत तं...

समता: चाची, तिकडं कोपऱ्यात नका उभ्या राहू. या, तिची मान खाजवा.

नूरजहां: कोणत्या तोंडानं येऊ?

समता: तुमच्याकडेच बघतेय ती.

नूरजहां: ...मान नाही खाजवू देत, मॅडम. हात चाटून राह्यली. काही नाही वं, शबनम. पाह्य. हा हात पाह्य, हा बी पाह्य. काहीच नाही आणलं.