मी कानानं निवडलेला आरा

काय सांगू बाप्पा तुमाले, माया जनम नागझिऱ्याच्या जंगलाकडचा, सालाचं काई ध्यान नाई, माय म्हने मोठा दुकाळ सरला आन तू झाली, एवढंच मालूम. बाप जंगलात लाकडं तोडे, म्हनून साग कोनता आन बीजा कोनता हे मी लहानपनापासून वासानं सांगो. लग्न होऊन कोहमाऱ्याकडं आली तं सासरीबी लाकूडच. माया बुढा आन देर, म्हंजे त्याचा लहान भाऊ गोविंदा, दोघं मिळून आरा ओढत. बुढा मी आता म्हनतो, तवा चांगला जवान होता, मिशी पायली असती तुमी तं!

तो आरा तुमी पायला नसन. मानसाएवढी लांब करवत, दोन्हीकडं मूठ. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकानं वर उभं रायचं, एकानं खाली खड्ड्यात, आन वरून ओढ, खालून ओढ, दिवसभर तेच. मंग गोंदियात एका वखारीत इंजनवर फिरनारा चकतीचा आरा आला आन गोविंदा तिकडं गेला. खालची मूठ धरनारा कोनी उरला नाई. बुढा दोन दिवस दुसरा मानूस धुंडत फिरला. मी म्हनली, काहो, मी उतरतो खाली. म्हने येडी झाली काय, लोक काय म्हनतीन. मी म्हनली, लोक येऊन ओढतीन काय? आन उतरली.

लोक हासले, हासू दे. वरून भुसा असा पडे का डोळे उघडता येत नसत, डोक्याले पदर बांधून डोळे मिटूनच ओढो. मंग काम कानावर आलं. लाकडात गाठ आली, दात बोथट झाला, बुढा वर थकला, सारं मले आवाजावरून समजे. तो थकला का मी जोर लावो, मी थकली का तो. दुपारी खड्ड्यातच थंड्यात बसून भाकर खाऊ. तेवढ्या जवळ आमी घरात कधी बसलो नाई बाप्पा, घरात सासू, ननंदा, गडबड.

वर्षभरानं गोविंदा परत आला तं उजव्या हाताची तीन बोटं नाई. चकतीवर झाकन नव्हतं, भुसा झटकाले हात घातला आन गेली. त्याले पाहून बुढा म्हने, त्या इंजनच्या आऱ्याचं तोंड मी पाहनार नाई.

पन एका उन्हाळ्यात शेजारच्या गावाले आग लागली, अर्ध्या गावाचे छप्पर जळले. पानी यायच्या आत घरं दुरुस्त करायची, आन आमच्या हाताच्या आऱ्यानं दिवाळीलेबी होनार नव्हती. गावचा मालगुजार, जमीनदारच तो, आला, म्हने मी मशीन इकत घेऊन रायलो, तूच चालव. बुढा म्हने नाई. मालगुजार म्हने, काऊन नाई? बुढ्यानं भावाचा हात दाखवला. मालगुजार म्हने, तं मंग चल गोंदियाले, तुले जे भरवशाचं वाटन ते घेऊ. बुढा म्हने, हीबी येईन.

टेसनजवळ एका व्यापाऱ्याच्या टिनाच्या छपराखाली इंजनचे दोन आरे होते. एक मोठा, नवा, चमकदार, लाकूड घातलं का लोन्यासारखं कापे. दुसरा जुना, हळू, पन चकतीवर लोखंडाचं झाकन, आन पायानं पाटी दाबली का पट्टा सुटून आरा थांबे. मालगुजाराचं मन मोठ्यावर. व्यापाऱ्यानं तो चालवून दाखवला, मी डोळे मिटले. दर फेऱ्याले एकदा खट्ट वाजे, बारीक. मी म्हनली, हा नोको, हा बरोबर बोलत नाई. व्यापारी हासला, म्हने, अरे सेठ, औरत से क्या पूछते हो! बुढा म्हने, तिले आयकू येते ते मले वर दिसत नाई, थांबवा मशीन. थांबल्यावर त्यानं चकतीवर नख फिरवलं, तं दाताच्या बुडाशी केसाएवढी चीर. लाकूड कापता कापता तुटली असती तं समोरचा मानूस गेला असता. व्यापाऱ्याचं हासू गेलं. आमी जुना आरा घेतला.

मशीन बसलं त्या दिवशी मी सवयीनं पदर बांधून गेली. बुढा म्हने, अवो, तू कायले आली, खाली कोन लागते आता? रागानं नाई म्हनला, सहज म्हनला. मी उलट्या पायानं फिरली. पानी यायच्या आत साऱ्या घरांवर छप्पर चढले, लोकांनी बुढ्याले फेटा बांधला, मी दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवन्याले जाऊ लागली. आमच्या खड्ड्यात पानी भरलं, मंग गाळानं तो बुजून गेला. वाईट वाटलं काय म्हनता? वाटलं. पन आरा निवडला मीच, कोनाले सांगू?

पुष्कळ वर्षं बुढ्यानं तो आरा चालवला, अंगाले खरचटलं नाई. कान तेवढे गेले, त्या मशीनच्या आवाजानं.

आता लोक म्हनते, गोरा साहेब जाऊन रायला, आपलं राज येऊन रायलं. येऊ दे, पोराबाळाईचं बरं होऊ दे. परवा मी बुढ्याच्या कानाशी तोंड नेलं आन एवढ्या वर्षात कधी नाई म्हनली ते म्हनली, मले खड्ड्यातले दिवस चांगले वाटत होते. त्याले काय आयकू आलं देव जाने, म्हने, हो हो, वाढ, बसतो जेवाले.

वाढलं. तुमीबी बसा बाप्पा, भात गरम आहे.